आठचं पाणी

आमच्या टेकडीला कोणी थंड हवेचं ठिकाण म्हणेल, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. घाटकोपर आणि विक्रोळी यांच्या मधे जो डोंगर उरलाय, त्याच्या अंगावर आमची कातळवाडी. खाली हमरस्ता, वर पत्र्याची नि सिमेंटची घरं एकमेकांना टेकून उभी, आणि त्यांच्यामधून वळणं घेत माथ्यापर्यंत जाणारा एकच गाडीरस्ता. उन्हाळ्यात पत्रे असे तापायचे की दुपारी मांजरसुद्धा छपरावर पाय ठेवत नसे. आणि त्या वर्षी एक गुळगुळीत रंगीत कागद घरोघर वाटला गेला, त्यावर आमच्याच टेकडीचा फोटो, पण घरं पुसून टाकलेली, सगळीकडे झाडं, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘उपनगरांतलं हिल स्टेशन’. परदेशात म्हणे सायकलींच्या मोठ्या शर्यती असतात, रोज एक टप्पा, आणि त्यातला मानाचा टप्पा डोंगरातल्या एखाद्या टुमदार गावात जाऊन संपतो. बर्फ, लाकडी घरं, खिडक्यांत फुलं. तसा टप्पा मुंबईत हवा होता, डोंगर कुठून आणायचा हा प्रश्न होता, आणि माथ्यावर ज्याचे दोन टॉवर अर्धवट उभे होते त्या बिल्डरने आमचा डोंगर देऊन टाकला. आम्हाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

माझे बाबा पाणीखात्यात चावीवाले होते. हे काम ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कारण टॉवरमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना नळ फिरवला की पाणी येतं एवढंच ठाऊक असतं. टेकडीवर पाणी एकदम सगळीकडे सोडता येत नाही, दाबच पुरत नाही. म्हणून रस्त्याखाली चेंबर असतात, चेंबरमध्ये व्हॉल्व्ह, आणि तो उघडायला एक लांब लोखंडी चावी. बाबांची चावी माझ्या खांद्याएवढी होती, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. पहाटे पाचला खालच्या भागाचं पाणी, साडेसहाला मधल्या भागाचं, आणि आठला आमच्या वरच्या भागाचं. खाकी शर्ट घालून, चावी खांद्यावर टाकून बाबा चढ चढायला लागले की बायका घड्याळ न बघता हंडे नळाखाली लावायच्या. वरच्या भागाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला बावीस आटे, म्हणजे चावीचे बावीस फेरे, लागायचे. बाबा ते मोजायचे, तोंडातल्या तोंडात. साडेनऊला बंद करताना वीसच आटे बंद करायचे, दोन ढिले ठेवायचे. नियमात ते बसत नव्हतं. पण त्या दोन आट्यांमुळे दिवसभर बारीक धार राहायची, आणि कोणाकडे आजारी माणूस असेल, पाहुणा आला असेल, तर त्याचं भागायचं.

वरच्या भागाचं ते चेंबर बरोबर आमच्या दाराजवळ, रस्त्याच्या मधोमध. त्याचं झाकण जरा सैल होतं. रिक्षा गेली की ‘खडक’ असा एक आवाज, टेम्पो गेला की लागोपाठ दोन. मी त्या आवाजात लहानाची मोठी झाले. आमच्या मोरीला रस्त्याच्या बाजूला एक हातभर खिडकी होती, आंघोळ करताना त्या खिडकीतून तो आवाज सरळ कानात यायचा. अभ्यास करताना, जेवताना, आजारी पडून झोपले असताना, खडक. आता मी राहते त्या इमारतीत सातव्या मजल्यावर रस्त्याचा काही आवाज येत नाही, आणि लोक म्हणतात किती शांत घर आहे. मला सुरुवातीची दोन वर्षं तिथे नीट झोप लागली नाही.

त्या दिवसांत ताई बाळंतपणाला घरी आली होती. नयनाताई, माझी थोरली बहीण, लग्न होऊन दहिसरला दिलेली. मुलगा झाला होता आणि दोन आठवडेही झाले नव्हते. आमची दोन खोल्यांची जागा पूर्ण तिच्या ताब्यात गेली होती. घरभर शेपा, ओवा आणि खोबरेल तेल यांचा एकत्र वास. आई सकाळी डिंकाचे लाडू वळायची, दुपारी अळिवाची खीर, ताईसाठी तूप घातलेला मऊ भात नि शेपूची भाजी, आणि आम्हा बाकीच्यांसाठी कुळथाची पिठी नि सुका बांगडा. आमच्या मालवणकडच्या घरात बाळंतिणीची आंघोळ हे एक मोठं काम असतं. मोठ्या तपेल्यात पाणी उकळायचं, त्यात निरगुडीचा पाला, आणि अंग दुखेल इतकं कढत पाणी पाठीवर, कमरेवर बदाबदा ओतायचं. मग बाळाला पायांवर घेऊन तेल चोळायचं, आणि पुन्हा पाणी. शेजारच्या कांबळेकाकू हे करायला यायच्या. त्या साताऱ्याकडच्या, आवाजाने खणखणीत, आणि त्यांच्या हाताखाली बाळ रडायचं तसं झोपायचंही लगेच. आईचं आणि त्यांचं एकच म्हणणं होतं, पाण्यात कंजुषी केली की बाळंतिणीची कंबर जन्माची जाते.

शर्यतीच्या तयारीसाठी एक माणूस यायचा. त्याचं नाव कधी कळलं नाही, आम्ही त्याला पांढरे बूट म्हणायचो, कारण आमच्या टेकडीवर पांढरे बूट घालून फिरणारा तो पहिलाच. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवले आणि हिरवी जाळी बांधली, बांधकामाला बांधतात तशी, म्हणजे वरून कॅमेऱ्याने बघितलं तर घरं नाहीत, झाडी आहे असं वाटावं. जाळीच्या समोर कुंड्या ठेवल्या. आमच्या दारावरून जाळी गेली तेव्हा घरात दिवसाही दिवा लावावा लागला. रस्ता अरुंद दिसतो म्हणून विजेचे दोन खांबसुद्धा मागे सरकवले. एका दिवसात. आमच्या गटारावरचं फुटकं झाकण बदलून द्या म्हणून चार पावसाळे आम्ही अर्ज करत होतो, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आणि मग त्यांनी डांबर टाकलं. रविवार होता. बाबांच्या साहेबांचा फोन आला, आज वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद कर, ढिला ठेवू नकोस, लाईनला गळती असली तर नवीन रस्ता फुगेल. बाबांनी साडेनऊला बावीसच्या बावीस आटे बंद केले. झाकणाभोवती खडूने गोल काढला, वर वीट ठेवली, डांबरवाल्याला सांगितलं की चौकट उचलून घे, झाकण रस्त्याच्या पातळीला आलं पाहिजे. तो हो हो म्हणाला. बाबा खाली दुसऱ्या कामाला गेले. दुपारी परत आले तेव्हा रस्ता काळाभोर, सपाट, चकचकीत झाला होता. वीट बाजूला एका कुंडीत पडली होती. झाकणाचा पत्ता नव्हता.

सोमवारी आठला नळ आले नाहीत. बाबा साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, रविवारी शर्यत आहे, ती होऊ दे, सोमवारी खोदू, आता त्या रस्त्याला कोणी हात लावला तर आधी तुझी नोकरी जाईल, मग माझी. टँकर पाठवतो म्हणाले. एक टँकर आला, तोही अर्ध्या चढावर बांबू आडवे आले म्हणून खालच्या खालीच रिकामा झाला. मग वरच्या भागातल्या सगळ्यांनी एकशे वीस पायऱ्या उतरून खालून पाणी आणायला सुरुवात केली. खालची माणसं वाईट नव्हती, पण त्यांचंही मोजकंच. घरामागे दोन हंडे. दोन हंड्यांत आमच्या घरी स्वयंपाक, भांडी, बाळाचे लंगोट आणि एक बाळंतीण. निरगुडीचा पाला मोरीच्या कोपऱ्यात सुकत पडला. ताईची आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं एवढंच उरलं. उठताना ती भिंतीला हात लावायची.

लोकांनी बाबांनाच धरलं. दुसरं कोण हाताशी होतं? पांढऱ्या बुटांना कोणी ओळखत नव्हतं, साहेब टेकडीवर येत नव्हते, आणि चावी तर बाबांच्या खांद्यावर होती. कांबळेकाकूंनी तिसऱ्या दिवशी आमच्या दारात उभं राहून विचारलं, “परब, तुमच्या घरात बाळंतीण आहे आणि तुम्ही गप बसलाय? काय घेतलंय का त्या लोकांकडनं?”

बाबांनी मान खाली घातली. आईच मधे पडली. ती चिडली की सरळ मालवणीत जायची. “पोराक न्हाणूक पाणी नाय आनि ह्येंका रस्तो व्हयो. तुमी कायतरी बोला मगे.”

“काय बोलतलंय मी?” बाबा म्हणाले. “सायबान सांगल्यान म्हणान बंद केलंय. माझ्याच हातान.”

शेवटचे तीन शब्द त्यांनी इतक्या हळू म्हटले की ते त्यांनी आईला नाही, स्वतःलाच सांगितले असावेत. मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात होते, आणि माझ्या मते जगातली प्रत्येक गोष्ट तोंड उघडून सांगितली की सुटत होती.

आणि मी स्वतः काय करत होते? तर शर्यतीची स्वयंसेवक झाले होते. कॉलेजच्या सरांनी टेकडीवरच्या मुलांची नावं दिली, त्यात माझं. पिवळा टीशर्ट, शिट्टी, पिवळा झेंडा. आम्हाला दोन संध्याकाळी शिकवलं, रस्त्यात अडथळा असेल तर त्याच्या पुढे उभं राहायचं, झेंडा डोक्यावर धरून हलवायचा, जोरात शिट्टी वाजवत राहायचं, सायकलवाले दोन्ही बाजूंनी आपोआप फुटतात, आपण मात्र जागचं हलायचं नाही. हललात तर ते अंगावर येतील. मला ते सगळं आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. कोणीतरी पहिल्यांदा मला रस्त्याच्या मधोमध उभं राहायला सांगत होतं.

शनिवारी सराव झाला, आणि स्वयंसेवकांना पाण्याच्या बाटल्यांची खोकी वाटली. एकेक खोकं, अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या, वर सायकलचं चित्र. मी ते खोकं डोक्यावर घेऊन घरी आले. आईने काही न विचारता तपेलं चुलीवर चढवलं. आम्ही दोघींनी एकेक बाटलीचं बूच तोडून पाणी तपेल्यात ओतलं. बुचं तुटताना कट्‌कट् आवाज यायचा, आणि बाबा दारात बसून तो ऐकत होते. कांबळेकाकूंनी बाळाला पायांवर घेतलं. बाळाला त्या दिवशी बाटलीच्या पाण्याने आंघोळ घातली. ताईच्या वाट्याला काही उरलं नाही. रिकाम्या बाटल्या मोरीत उभ्या राहिल्या, आणि ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

मी बाबांकडे वळले. म्हटलं, “बाबा, ही चावी तुम्हाला कशाला दिलीय? खांद्यावर टाकून मिरवायला?”

आई म्हणाली, “गप रव.” बाबा उठले, चावी भिंतीला टेकवून ठेवली होती ती जरा सरळ केली, आणि बाहेर जाऊन बसले. ते वाक्य मी बोलले, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

रविवारी सहापासून रस्ता बंद. सगळ्यांनी दारं लावून आत राहायचं, अशी घोषणा लाऊडस्पीकरवर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. मधे मधे बॅण्डची रेकॉर्ड. मला नेमकी आमच्याच वळणावर जागा मिळाली होती. पांढरे बूट वॉकीटॉकी घेऊन वरखाली करत होते. माथ्यावर पाहुण्यांसाठी मांडव घातला होता, तिथून तळलेल्या वड्यांचा वास खाली येत होता. बाबांना साहेबांनी त्या दिवशी सुट्टी घ्यायला लावली होती.

बरोबर आठला आमच्या दारासमोरची जाळी हलली, आणि तिच्याखालून वाकून बाबा बाहेर आले. खाकी शर्ट घातलेला. एका खांद्यावर चावी, दुसऱ्या हातात पहार. रोज येतात तसे ते रस्त्यावर आले, विजेच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि आमच्या दाराच्या दिशेने सात पावलं चालले. ती त्यांची खूण होती, वर्षानुवर्षांची, पावसाच्या पाण्याखाली झाकण बुडलं तरी त्या सात पावलांवर त्यांना ते सापडायचं. सातव्या पावलावर ते थांबले आणि त्यांनी पहार मारली.

वळणावरचा हवालदार धावत आला. “काका, काय चाललंय?”

“पाणी सोडतोय,” बाबा म्हणाले. “आठ वाजले.”

हवालदाराने घड्याळ बघितलं. आठ वाजले होते खरे. तो बिचारा गोंधळला. “अहो, नऊला रेस येतेय इथनं.”

“तोवर होईल.”

पांढरे बूट वरून ओरडत आले, हिंदीत, हा माणूस कोण, ह्याला हटवा. तोपर्यंत जाळीच्या मागे हालचाल सुरू झाली होती. कोणीतरी विळ्याने जाळी उभी फाडली, मग शेजारच्याने, मग सगळ्यांनीच, आणि त्या हिरव्या डोंगरातून बायका-माणसं रस्त्यावर उतरली. हवालदार मधे उभा राहिला. त्याने बाबांना अडवलं नाही आणि पांढऱ्या बुटांनाही पुढे येऊ दिलं नाही. नंतर कळलं की तो स्वतः विक्रोळीच्या चाळीत राहायचा आणि तिथेही पाणी एकच तास यायचं.

बाबा खणत राहिले. नवीन डांबर निघालं, खालची खडी निघाली, जुनं डांबर, मग माती. झाकण काही लागेना. त्यांनी खड्डा रुंद केला. पुन्हा मातीच. घाम त्यांच्या हनुवटीवरून गळत होता. “हयच होता,” ते म्हणाले, “सात पावलां.” गर्दीतून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, “ह्यालाच माहीत नाही कुठंय ते, वाट लागली.” बाबांनी पहार खाली टाकली आणि ते त्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं जे काम डोळे मिटून केलं, ते त्यांच्याच दारात, सगळ्यांच्या समोर चुकलं होतं. तेवढा एकटा माणूस मी त्यानंतर बघितला नाही.

माझी नजर खांबाकडे गेली आणि मग आमच्या मोरीच्या खिडकीकडे. आंघोळ करताना त्या खिडकीतून खांब दिसायचा, अर्धी खिडकी त्यानेच अडवलेली असायची. आता खिडकी मोकळी होती. खांब त्यांनी मागे सरकवला होता. बाबा सवयीने खांबापासून निघाले होते, पण खांबच जुन्या जागी नव्हता.

“बाबा, खांब हलवलाय,” मी म्हटलं. “किती हलवलाय माहीत नाही. चावी द्या.”

मी चावी घेतली आणि खिडकीच्या समोर रस्त्यावर तिचं तोंड आपटलं. झाकण पोकळीवर बसलेलं होतं, वरून डांबर घातलं तरी आवाज बदलणारच. पण लाऊडस्पीकरवर बॅण्ड वाजत होता आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. तो कर्णा त्याच खांबावर होता, वायर खाली लोंबत होती. मी झेंडा बगलेत धरून गेले आणि वायर ओढून तोडली. पिवळा टीशर्ट होता म्हणून कोणाच्या लक्षात येईपर्यंत काम झालं होतं. “जरा सगळे गप राहा रे,” मी ओरडले, आणि कातळवाडीत मी पहिल्यांदाच असं बघितलं की दोनशे माणसं एका मुलीचं ऐकून गप राहिली.

ठण. एक पाऊल पुढे. ठण. डावीकडे. ठण. पुन्हा पुढे. आणि मग ठण नाही, धप्प. मी पुन्हा मारलं. धप्प. तो आवाज जाड झाला होता, दबला होता, पण तो माझा आवाज होता, मी तो झोपेतही ओळखला असता. “इथे,” मी म्हटलं.

मग पहारी किती आल्या, कुठून आल्या, मला सांगता येणार नाही. कांबळेकाकूंनी साडीचा काष्टा मारला आणि त्या खडी हाताने उपसायला बसल्या. झाकण निघालं तेव्हा आत चेंबर डांबराच्या ढेपा नि खडीने अर्धं भरलेलं होतं, म्हणजे त्या लोकांनी झाकण उघडं असतानाच वरून ओतलं होतं की काय कोण जाणे. बाबा कमरेपर्यंत आत उतरले आणि वरती घमेली द्यायला लागले.

खालून शिट्ट्या ऐकू आल्या. मोटारसायकलींचे भोंगे. पांढरे बूट आता रडकुंडीला आले होते, खड्ड्यावर पत्रा टाका, ह्या माणसाला बाहेर काढा. बाबा म्हणाले, “पाच मिनिटं.” ते बाहेर येणार नव्हते हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. मी हवालदाराला म्हटलं, दोन्ही बाजूंची माणसं मागे घ्या. बायकांनी एकमेकींचे हात धरून कडेला रांग केली. मी खड्ड्यापासून दहा पावलं खाली गेले, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, झेंडा डोक्यावर धरला आणि शिट्टी वाजवायला सुरुवात केली.

ते वळणावरून आले. सत्तर-ऐंशी असतील, रंगीत कपडे, चाकांचा एक घुमल्यासारखा आवाज, आणि श्वास. त्यांचे श्वास ऐकू येत होते. मला शिकवलं होतं, हलायचं नाही. ते माझ्या दोन्ही बाजूंनी फुटले, मागे बाबांच्या दोन्ही बाजूंनी गेले, आणि पुढे पुन्हा एक झाले. मी एकदाच मागे वळून बघितलं. शर्यतीच्या बरोबर मधे बाबांचं डोकं नि खांदे जमिनीच्या वर होते, आणि ते वर बघतसुद्धा नव्हते, हाताने खडी काढत होते. शेवटच्यांपैकी एकाने बाटली तोंडाला लावली, उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं आणि बाटली फेकून दिली. ती घरंगळत चेंबरच्या काठाशी येऊन थांबली. काकूंनी ती उचलली, तिच्यातलं घोटभर पाणी बघितलं आणि एक अशी शिवी दिली की ती मी इथे लिहू शकत नाही.

मग बाबांनी चावी बसवली. आम्ही सगळे ऐकत होतो. एक, दोन, तीन. या वेळी ते मोठ्याने मोजत होते. बावीसला त्यांनी चावी सोडली. आमच्या घरातून नळाचा खोकल्यासारखा आवाज आला, फुस्स, मग खळखळ, मग धार. बायका पळत सुटल्या. बाबांना कोणी शाबासकी दिली नाही, कोणी माफीही मागितली नाही, ज्याला त्याला हंड्याची घाई होती. आईने तेवढं केलं, पहिलं तपेलं भरून चुलीवर ठेवलं. तासाभराने मोरीतून कढत पाणी बदाबदा ओतल्याचा आवाज आला आणि ताई आत रडली. बाबा दारात पाय धूत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तो आवाज संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

टीव्हीवर आमचं वळण दोन सेकंद दिसलं. शर्यत दोन भागांत फुटते आणि एकत्र येते, एवढंच. मधे काय आहे ते दिसत नाही.

नवीन रस्त्याचं नुकसान केलं म्हणून बाबांना मेमो मिळाला. पगारवाढ थांबली, चावी काढून घेतली, आणि त्यांची बदली अशा ठिकाणी झाली की रोज पहाटे साडेतीनला घर सोडावं लागायचं. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं ते तसे गेले. आमच्या वरच्या भागाला नवा चावीवाला आला, तो आठला कधी यायचा, साडेनऊला कधी, आणि दोन आटे ढिले ठेवणं त्याला कोणी शिकवलं नाही. पांढरे बूट पुन्हा दिसले नाहीत. जाळीचे तुकडे लोकांनी तुळशींवर, कोंबड्यांच्या खुराड्यांवर बांधले. टॉवर पूर्ण झाले, त्यांना पाण्याची वेगळी लाईन आहे, दिवसभर. त्या बाळाला म्हणजे माझ्या भाच्याला मागच्या महिन्यात कॉलेजात जायला सायकल हवी होती. घेऊन दिली मी. त्याचा काय दोष?

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या ट्रंकेत पाणीखात्याचे कागद होते, त्यात त्या मेमोला दिलेल्या उत्तराची कार्बन कॉपी सापडली. बाबांनी उत्तर दिलं होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. मला वाटलं, इथे तरी त्यांनी सगळं सांगितलं असेल, साहेबांचा फोन, विटेची गोष्ट, सरकवलेला खांब. त्यांचं अक्षर शाळकरी मुलासारखं, ओळीवर नीट बसवलेलं. त्यात एवढंच होतं:

‘वरच्या भागाची पाणी सोडण्याची वेळ सकाळी आठ आहे. सोमवारी आठला सोडायचे पाणी मी पुढच्या रविवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी सोडले. सहा दिवस, एक तास, दहा मिनिटे उशीर झाला. त्याबद्दल वरच्या भागातील रहिवाशांची मी माफी मागतो.’

रस्त्याबद्दल एक अक्षर नाही. राग आला की रडू येतं हा माझा जुना दोष आहे. त्या सगळ्या प्रकारात माफी मागणारा माणूस एकच निघाला. मी तर त्या चावीच्या वाक्याबद्दल तोंडीसुद्धा मागितली नाही.